वर्गणी कोणाची, मैदान कोणाचे? ऑस्ट्रेलियातील विद्यापीठीय क्रीडामंडळांच्या निधीचा प्रश्न

(विद्यार्थी आघाडीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



विद्यार्थी चळवळीच्या अभ्यासवर्गात खेळाचा विषय क्वचितच निघतो. शुल्कवाढ, शिष्यवृत्त्या, वसतिगृहे, बेकारी हे प्रश्न आधी येतात आणि ते आधी यावेत हेच योग्य आहे. खेळ म्हटला की एकतर पदके जिंकणाऱ्यांची बाब, नाहीतर फावल्या वेळचा विरंगुळा, असे समजून तो बाजूला ठेवला जातो. परंतु २००५ साली ऑस्ट्रेलियात विद्यार्थी संघटनांवर जो मोठा कायदेशीर हल्ला झाला, त्यातील निर्णायक झुंज एखाद्या राजकीय ठरावावरून झाली नाही. ती झाली हॉकी, नेटबॉल आणि नौकानयन यांच्या खर्चावरून. विद्यापीठातील हौशी क्रीडामंडळाला पैसा कोणी द्यायचा, हा वरवर हिशेबाचा वाटणारा प्रश्न तेथे सरकार पक्षातील खासदारालाही सरकारविरुद्ध उभे करून गेला. हा इतिहास तपशिलाने पाहण्याजोगा आहे.

ऑस्ट्रेलियातील विद्यापीठीय खेळांची परंपरा जुनी आहे. मेलबर्न विद्यापीठाचे नौकानयन मंडळ १८५९ चे. सिडनी विद्यापीठाचे फुटबॉल मंडळ आपली स्थापना १८६३ ची सांगते. आरंभी ही मंडळे वसाहतीतील सधन घराण्यांच्या मुलांची होती, हे उघड आहे. सिडनीत विद्यार्थिनींनी १९१० मध्ये आपली वेगळी क्रीडा संघटना उभारली आणि ती जवळजवळ शतकभर वेगळीच राहिली. विसाव्या शतकात विद्यापीठांचे दरवाजे अधिक लोकांना उघडले, तसा या मंडळांचा पायाही रुंदावला. तो रुंदावण्याचे कारण एखादा उदार देणगीदार नव्हता. प्रवेश घेताना प्रत्येक विद्यार्थ्याने विद्यार्थी संघटनेची वर्गणी भरायची आणि त्या सामाईक निधीतून उपाहारगृह, कायदेविषयक सल्ला, पाळणाघर, वृत्तपत्र, वादविवाद मंडळ आणि खेळ हे सारे चालवायचे, ही व्यवस्था त्याच्या मुळाशी होती. १९७४ मध्ये व्हिटलम यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने विद्यापीठांतील शिक्षणशुल्क रद्द केले, तेव्हाही ही वर्गणी राहिली. शिक्षण मोफत झाले, पण संघटना विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या पैशावर उभी राहिली. तिचे बळ त्यात होते आणि तिच्या शत्रूंचा राग ओढवण्याचे कारणही तेच होते.

या वर्गणीने मंडळाला नेमके काय मिळत होते, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. विद्यापीठातील एखादे नेटबॉल मंडळ घ्या. त्याचा खजिनदार हा बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. तो पगार घेत नाही, परीक्षेच्या तोंडावर पावत्या लावत बसतो. त्याच्या वहीत दोन प्रकारचे खर्च असतात. चेंडू, कपडे, प्रवास हे खेळाडूंच्या संख्येप्रमाणे वाढतात किंवा कमी होतात. परंतु मैदानाचे भाडे, स्पर्धेचे प्रवेशशुल्क, विमा, पंचांचे मानधन आणि दिव्यांचे बिल हे खर्च वीस खेळाडू असोत की साठ, जवळजवळ तेवढेच राहतात. सामाईक वर्गणीतून मिळणारे अनुदान हा दुसऱ्या प्रकारचा खर्च उचलत असे. म्हणून नवख्या विद्यार्थ्याला थोडक्या पैशात मंडळात येता येई, आणि आवडले नाही तर निघून जाता येई.

आता हे अनुदान काढून घेतले तर काय होते? हिशेबापुरते आकडे घेऊ. मंडळाचा बांधील खर्च वर्षाला १२,००० डॉलर आणि सभासद ६०. प्रत्येकाच्या वाट्याला २०० डॉलर येतात. त्यातले २० जण, म्हणजे ज्यांना ही रक्कम जड जाते ते, सोडून गेले. उरलेल्या ४० जणांना प्रत्येकी ३०० द्यावे लागतात. आणखी १० गेले की ४००. शेवटी उरतात ते पैसेवाले आणि खेळात आधीच तरबेज असलेले. मंडळ कागदावर जिवंत राहते, त्याचा चषकही कपाटात राहतो. पण ज्याने आयुष्यात कधी बॅट किंवा वल्हे हातात धरले नाही आणि विद्यापीठात आल्यावर पहिल्यांदा धरले असते, तो मुलगा किंवा ती मुलगी त्या दारापर्यंत येतच नाही. बाजाराच्या भाषेत याला ‘वापरणाऱ्याने मोल द्यावे’ असे गोंडस नाव आहे.

हे धोरण एकाएकी आले नाही. पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि व्हिक्टोरिया या राज्यांत १९९४ मध्येच उजव्या सरकारांनी विद्यार्थी संघटनांना वेसण घालणारे कायदे केले होते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील कायदा पुढे २००२ मध्ये रद्द झाला. हॉवर्ड यांच्या केंद्र सरकारने १९९९ मध्ये देशव्यापी विधेयक आणून पाहिले, पण सिनेटमध्ये बहुमत नव्हते. १ जुलै २००५ पासून लिबरल आणि नॅशनल पक्षांच्या आघाडीला सिनेटमध्येही निसटते बहुमत मिळाले आणि मार्ग मोकळा झाला. शिक्षणमंत्री ब्रेंडन नेल्सन यांनी आणलेले विधेयक नुसते सभासदत्व ऐच्छिक करून थांबणारे नव्हते. शिक्षणाशी थेट संबंध नसलेल्या सेवांसाठी कोणतेही सक्तीचे शुल्क विद्यापीठालाही घेता येणार नाही, अशी त्याची रचना होती. म्हणजे संघटनेत न येण्याचे स्वातंत्र्य एवढाच हेतू असता, तर सभासदत्वाची सक्ती काढून सेवाशुल्क ठेवता आले असते. तसे केले गेले नाही. पैशाचा झराच बुजवायचा होता.

विधेयकाच्या समर्थकांचा युक्तिवाद मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. एकटीने मूल वाढवणारी, नोकरी करून परिचारिकेचे शिक्षण घेणारी विद्यार्थिनी. तिने कधीही न चढलेल्या डोंगरांच्या गिर्यारोहण मंडळाचा खर्च का सोसावा? हा प्रश्न ते विचारीत, आणि तो परिणामकारक ठरला. याचे कारण असे की त्यात सत्याचा अंश होता. वर्गणी सर्वांना सारखी होती. लक्षाधीशाच्या मुलालाही तेवढीच आणि त्या विद्यार्थिनीलाही तेवढीच. जुन्या, मातब्बर मंडळांना निधीचा मोठा वाटा मिळे, ही तक्रारही खोटी नव्हती. त्यात २००४ साली मेलबर्न विद्यापीठाची विद्यार्थी संघटना आर्थिक गैरव्यवहारांनंतर अवसायनात निघाली. विद्यार्थ्यांच्या पैशाचे विद्यार्थी पुढाऱ्यांनीच काय केले, हे देशभराच्या वृत्तपत्रांनी छापले. ज्यांना संघटना मोडायची होती त्यांच्या हाती याहून चांगले शस्त्र कोणते यावे! डाव्या विद्यार्थी पुढाऱ्यांनी वर्गणी उत्पन्नानुसार ठेवण्याची, हिशेब चोख जाहीर करण्याची मागणी स्वतःच आधी लावून धरली असती, तर त्या परिचारिकेला सरकारच्या बाजूने उभे करणे इतके सोपे गेले नसते. तिला पाळणाघर हवे होते, आणि ते पाळणाघरही त्याच वर्गणीवर चालत होते; पण ही गोष्ट तिच्यापर्यंत पुरेशा जोराने पोचली नाही.

आता खेळाकडे परत येऊ. विधेयकाला सर्वांत अडचणीचा विरोध झाला तो सरकारी बाकांवरून. क्वीन्सलंडचे नॅशनल पक्षाचे सिनेटर बार्नबी जॉइस हे शेतकरी भागाचे प्रतिनिधी. डाव्या विचारांशी त्यांचे दूरचेही नाते नाही. पण ते आर्मिडेल येथील न्यू इंग्लंड विद्यापीठाचे पदवीधर. अशा लहान शहरात विद्यापीठाचे मैदान आणि व्यायामशाळा हेच साऱ्या परिसराचे क्रीडाकेंद्र असते, शनिवारच्या सामन्यांत विद्यार्थी आणि गावकरी एकत्र खेळतात, हे त्यांना ठाऊक होते. सिडनीतील विद्यापीठाला शतकभराचे माजी विद्यार्थी आणि मोठ्या देणग्या आहेत. आडवळणाच्या विद्यापीठाला यातले काहीच नाही. म्हणून खेळाच्या सुविधांपुरते सक्तीचे शुल्क राहू द्यावे, अशी दुरुस्ती त्यांनी सुचविली. ती मान्य झाली नाही. डिसेंबर २००५ मध्ये जॉइस यांनी आपल्याच सरकारविरुद्ध मत दिले, तेव्हा ‘फॅमिली फर्स्ट’ या छोट्या पक्षाचे एकुलते सिनेटर स्टीव्ह फील्डिंग सरकारच्या मदतीला धावले आणि विधेयक मंजूर झाले. १ जुलै २००६ पासून कायदा लागू झाला.

येथे एका डावपेचाकडे लक्ष वेधले पाहिजे. आपल्या आघाडीतील अस्वस्थांना शांत करण्यासाठी सरकारने सुमारे ८ कोटी डॉलरचा एक संक्रमण निधी जाहीर केला. तो कशासाठी? क्रीडा आणि मनोरंजनाच्या सुविधांसाठी, म्हणजे मुख्यतः बांधकामासाठी. व्यायामशाळा बांधा, मैदान दुरुस्त करा, छप्पर घाला. इमारतीचे उद्घाटन करता येते, तिच्यावर फलक लावता येतो. पण इमारतीत खेळणारे मंडळ चालविण्यासाठी लागणारा वर्षावर्षाचा विमा, पंचांचे मानधन, दूरच्या सामन्याची बस यांची सोय त्यात कोठून होणार? आणि कायदेशीर सल्ला, पाळणाघर, विद्यार्थ्यांचे प्रतिनिधित्व यांना तर त्यातले काहीच नव्हते. खेळाला राजकारणापासून, इमारतीला मंडळापासून तोडण्याचे काम या निधीने केले. ‘आम्ही फक्त खेळाचे बघतो, आम्हांला संघटनेच्या भांडणाशी कर्तव्य नाही,’ असे म्हणणाऱ्या काही क्रीडा-कारभाऱ्यांनी त्यावर समाधान मानले असेल, तर त्यांचा तो आनंद फार काळ टिकला नाही.

परिणाम लवकरच दिसले. नवे मजूर पक्षाचे सरकार २००७ च्या अखेरीस आल्यावर युवक व क्रीडा मंत्री केट एलिस यांनी २००८ मध्ये या कायद्याच्या परिणामांची चौकशी केली. विद्यार्थी सेवांमधून सुमारे १७ कोटी डॉलर निघून गेल्याचे त्या अहवालात नमूद झाले. सेवा बंद पडल्या किंवा महाग झाल्या, लहान व प्रादेशिक विद्यापीठांची झीज अधिक झाली. मोठ्या विद्यापीठांनी आपल्या तिजोरीतून खड्डा भरून काढण्याचा प्रयत्न केला. हे पैसे कोठून आले? अध्यापन आणि संशोधनासाठी असलेल्या रकमेतून. म्हणजे ज्या परिचारिकेच्या नावाने कायदा केला, तिच्याच प्रयोगशाळेच्या वाट्यातून आता गिर्यारोहणाचे दोर येऊ लागले.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. विद्यापीठाने पैसा दिला, तेव्हा त्याबरोबर विद्यापीठाचा कारभारही आला. पूर्वी विद्यार्थ्यांनी निवडलेल्या समितीपुढे मंडळाचा खजिनदार अनुदानासाठी उभा राहत असे. त्यात वशिलेबाजी असेल, गटबाजी असेल, पण समिती पुढच्या निवडणुकीत बदलता येई. आता अनेक ठिकाणी तो पगारी व्यवस्थापकापुढे उभा राहू लागला. व्यवस्थापकाची नजर साहजिकच उत्पन्नावर. बाहेरच्या सभासदांकडून मासिक शुल्क घेणारी व्यायामशाळा नफा देते. वीस मुलींचे हॉकी मंडळ देत नाही.

हीच गोष्ट समुद्रापलीकडे न्यूझीलंडमध्ये आणखी उघडपणे दिसते. तेथे २०११ मध्ये बाजारवादी ‘ॲक्ट’ पक्षाच्या पुढाकाराने विद्यार्थी संघटनांचे सभासदत्व ऐच्छिक करणारा कायदा झाला आणि तो २०१२ च्या आरंभापासून लागू झाला. स्वातंत्र्याचा मोठा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात सक्ती संपली काय? नाही. विद्यार्थी सेवांसाठी सक्तीचे शुल्क विद्यापीठे घेतातच, आणि ज्या कामांसाठी ते घेता येते त्यांत क्रीडा व मनोरंजनही आहे. विद्यार्थ्याच्या खिशातून पैसा पूर्वीसारखाच जातो. फक्त तो आता विद्यार्थी संघटनेऐवजी विद्यापीठाकडे जातो. संघटनेला सेवा चालवायच्या असतील तर तिने विद्यापीठाशी करार करून ठेकेदारासारखे काम करायचे. ऑस्ट्रेलियातील लढ्यात सक्ती की स्वेच्छा हा वाद पडद्यासारखा होता, हे या शेजाऱ्याच्या उदाहरणावरून ध्यानात येते. पडद्यामागचा प्रश्न, पैशावर कोणाची सत्ता, हा होता.

योगायोग असा की ज्या जानेवारीत न्यूझीलंडने हा कायदा लागू केला, त्याच जानेवारी २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाने शुल्क परत आणले. हे परत आणणे सोपे गेले नाही. २००९ मधील विधेयक सिनेटने फेटाळले. ग्रीन्स पक्षाचे बळ वाढल्यानंतर ऑक्टोबर २०११ मध्ये ते संमत झाले. ‘विद्यार्थी सेवा व सुविधा शुल्क’ असे त्याचे नाव. २०१२ मध्ये त्याची कमाल मर्यादा २६३ डॉलर होती. ती दरवर्षी महागाईनुसार वाढत २०२५ मध्ये ३६५ डॉलरपर्यंत आली. अर्धवेळ विद्यार्थ्याकडून कमाल रकमेच्या पाऊण भागाहून अधिक घेता येत नाही, आणि ज्याला आधी भरणे शक्य नाही तो सरकारी कर्जाची सोय घेऊन पुढे उत्पन्न सुरू झाल्यावर फेडू शकतो. परिचारिकेच्या प्रश्नाला हे थोडेफार उत्तर म्हणावे लागेल, जरी कर्ज हे कर्जच असते.

कायद्याने हे शुल्क कोणकोणत्या कामांवर खर्च करता येईल याची यादी घालून दिली. क्रीडा व मनोरंजन त्यात आहे, अन्न आहे, पाळणाघर आहे, सल्ला आहे. राजकीय पक्षाला किंवा निवडणुकीच्या उमेदवाराला त्यातून मदत करण्यास मनाई आहे. पण एक कलम नव्हते: पैसा विद्यार्थ्यांच्या संघटनेलाच दिला पाहिजे, असे ते कलम. शुल्क गोळा करणार विद्यापीठ, विद्यार्थ्यांशी विचारविनिमय करणार विद्यापीठ आणि वाटप ठरविणारही विद्यापीठ. काही ठिकाणी संघटनेला भरघोस वाटा मिळाला, काही ठिकाणी अगदी तुटपुंजा. पैसा परत आला. सत्ता परत आली नाही. ती थोडी परत येण्यास आणखी बारा-तेरा वर्षे लागली. २०२४ च्या कायद्याने १ जानेवारी २०२५ पासून शुल्काचा किमान ४० टक्के भाग विद्यार्थ्यांनी चालविलेल्या संघटनांना देणे विद्यापीठांवर बंधनकारक केले, आणि ज्यांना लगेच जमणार नाही त्यांच्यासाठी संक्रमणाची मुदत ठेवली.

हा प्रश्न परदेशातील म्हणून सोडून देण्यासारखा नाही. पुणे, नागपूर, इंदूर, बडोदे, हैदराबाद, आपल्यापैकी जो ज्या शहरात शिकला असेल त्याने आपली प्रवेशाची जुनी पावती आठवावी. तिच्यावर ‘जिमखाना’ किंवा ‘क्रीडा’ या नावाची एक ओळ असे. ती सक्तीचीच होती, आणि तिला कोणी ‘विद्यार्थ्यांच्या स्वातंत्र्यावर घाला’ म्हटले नाही. कारण त्या पैशावर विद्यार्थ्यांची सत्ता नव्हतीच! महाविद्यालयाच्या संघात निवड झालेल्या पंधरा-वीस जणांपलीकडे जिमखान्याच्या खोलीची किल्ली किती जणांनी पाहिली, हे ज्याचे त्याने आठवावे. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर विद्यार्थी प्रतिनिधींच्या खुल्या निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या कायद्याने त्या पुन्हा घेण्याची तरतूद केली, परंतु अंमलबजावणी पुनःपुन्हा पुढे ढकलली गेली. निवडून आलेला प्रतिनिधी नाही, तर जिमखान्याच्या जमाखर्चाची वही मागणार कोण? ऑस्ट्रेलियात शासनाला संघटना मोडण्यासाठी आधी तिचा पैसा तोडावा लागला. येथे पैसा तसाच वसूल होत राहिला आणि प्रतिनिधी तेवढा नाहीसा झाला.

शेवटी ऑस्ट्रेलियातल्या त्या नेटबॉल मंडळाच्या खजिनदाराकडे वळू. ४० टक्के हे त्या संघटनांसाठी आहेत, ज्यांचा कारभार विद्यार्थ्यांनी निवडलेले मंडळ पाहते. परंतु २००६ नंतरच्या वर्षांत अनेक विद्यापीठांत खेळाचा कारभार विद्यापीठाच्याच विभागाकडे किंवा त्याच्या मालकीच्या कंपनीकडे गेलेला आहे. तो विभाग उरलेल्या ६० टक्क्यांकडे पाहणार. मग आपल्या मंडळाने आपला अर्ज कोणाकडे न्यावा: निवडून आलेल्या संघटनेकडे, जिच्याकडे आता थोडा पैसा आला आहे पण मैदान नाही, की विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडे, ज्याच्याकडे मैदान आहे, दिवे आहेत आणि व्यायामशाळेचे मासिक शुल्क भरणारे बाहेरचे सभासदही आहेत? सामन्यांचा नवा हंगाम सुरू होण्यापूर्वी त्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे ठरवावे लागते, कारण विम्याचा हप्ता त्याआधी भरायचा असतो.